व्हील रेक कोणता घेऊ? 38 एकर बर्म्युडा गवत, काळी माती, 55 एचपी ट्रॅक्टर

जिंतूरकर_मायलम

नमस्कार मंडळी,

या सदरात बहुतेक प्रश्न कुंडीतल्या कढीपत्त्याचे असतात, त्यामुळे माझा प्रश्न जरा अवजड वाटेल. पण मराठीत विचारायला दुसरी जागा नाही, आणि इंग्रजीत विचारलं की लोक आधी कोणत्या रंगाचा ट्रॅक्टर चांगला, हिरवा की निळा, यावरच तीन पानं भांडतात.

मी मूळचा जिंतूर तालुक्यातला. 22 वर्षं झाली, ऑस्टिनला सॉफ्टवेअरची नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी टेक्सासमध्येच मायलम काउंटीत, कॅमेरॉन गावाजवळ 61 एकर रान घेतलं. मी त्याला रँच म्हणतो, बायको त्याला 'तुमचा तो खर्च' म्हणते. 12 गायी आहेत आणि कोयोट हाकलायला एक गाढव आहे. त्यातल्या 38 एकरांत कोस्टल बर्म्युडा गवत आहे. पाऊस बरा झाला तर तीन कापण्या निघतात, नाहीतर दोन.

आतापर्यंत शेजारचे म्हातारबा गवत कापून, गठ्ठे बांधून द्यायचे. अर्धे त्यांचे, अर्धे माझे. आपल्याकडे बटईनं रान देतात तसंच. देश बदलला, बोली तीच. या फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी हात जोडले. गवत तसंच सोडून देता येत नाही, कारण इथं जमिनीवरचा कर बाजारभावानं नको असेल तर रानात शेती चालू आहे हे दाखवावं लागतं. मुळात सातपैकी पाच वर्षं शेतीचा वापर असेल तेव्हा ती सवलत मिळते. ती एकदा गेली की बायकोचा शब्द खरा ठरायचा.

म्हणून जुना डिस्क मोवर घेतला, कापणीची रुंदी 8 फूट. जुना गोल बेलर घेतला, 4 फूट रुंद आणि 5 फूट व्यासाचा गठ्ठा करणारा. ट्रॅक्टर 55 एचपीचा आहे, पण मागे हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबानं अवजार हलवणाऱ्या नळ्यांची, एकच जोडी. आता राहिलं मधलं अवजार, रेक: दात्यांच्या चाकांनी कापलेलं गवत गोळा करून बेलरसाठी लांब ओळ लावणारं. मी तिला वरंबा म्हणतो, कारण लांबून तसाच दिसतो. ('विंडरो' म्हटलं की आईला फोनवर समजत नाही. आणि 'हे' म्हणजे वाळलेलं गवत असं लिहिलं की वाचणारा विचारतो, कोणतं हे?)

सध्या चार पर्याय समोर आहेत:

मागच्या तीन सांध्यांना लावायचा पाच चाकांचा, एकाच बाजूला ओढणारा, जुना, 900 डॉलर. आठ चाकांचा, इंग्रजी व्हीसारखा, स्वतःच्या टायरांवर चालणारा, जुना, 3,800. तसाच दहा चाकांचा, नवा. विक्रेता 7,900 म्हणतो आणि 'हप्ते करून देतो' हे दर वाक्याला म्हणतो. चौथा जुना रोटरी रेक, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, 5,500.

विक्रेत्याचं म्हणणं, जितकी चाकं जास्त तितके फेरे कमी, डोळे मिटून दहाचा घ्या. मला डोळे मिटून काही घ्यायची सवय नाही. माझी अडचण मातीची आहे. अर्धं रान इथल्या 'ह्यूस्टन ब्लॅक' मातीचं आहे. आपली काळी रेगूर बघा, अगदी तिचीच सख्खी बहीण. पावसात बूट ओढून घेते आणि जुलैत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रान बघायला आलो होतो तेव्हा त्या भेगा बघूनच मी सौदा केला होता, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. तर या भेगांत रेकचे दाते अडकतील का? आणि लाल मुंग्यांची वारुळं एकरी सात-आठ तरी आहेत, वाळली की विटेसारखी.

कुणी हे काम स्वतः केलं असेल तर सांगा.

---

डोंगराईची_लेक

भाऊ, मी ब्रेनहॅमची. माहेर कडेगावचं, सासर वॉशिंग्टन काउंटी, टेक्सास. आम्ही 16 वर्षं गवत विकतो, निम्मं घोडेवाल्यांना. घोडेवाले लोक गवताचा वास घेऊन पैसे देतात, तेव्हा काय बोलते ते अनुभवानं बोलते.

चाकं मोजायचं सोडा, आधी मोवर मोजा. तुमचा मोवर 8 फुटी, म्हणजे दोन फेऱ्यांचं गवत 16 फुटांत पडलेलं. आठ चाकांचा रेक साधारण तेवढीच रुंदी घेतो. दोन पट्टे आत, एक वरंबा बाहेर, हिशेब मिटला. दहा चाकांचा वीस फुटांच्या आसपास जातो, म्हणजे दोन पट्टे आणि तिसऱ्याचा अर्धा. तो उरलेला अर्धा पुढच्या फेरीला ट्रॅक्टरच्या टायरखाली येतो, नाहीतर तुम्ही रेक अर्धवट मिटून चालवता. मग दोन चाकांचे पैसे कशाला दिले? दहा फुटी मोवर असता तर मीच दहाचा घ्या म्हटलं असतं.

आता ज्याच्याबद्दल विक्रेता बोलत नाही ते सांगते. व्हीसारख्या रेकमध्ये दोन्ही बाजूंचं गवत मध्ये येतं, पण मधोमधचा जो तीन-चार फुटांचा पट्टा असतो तो हलतच नाही. वरून वाळकं गवत त्याच्यावर येऊन पडतं आणि खालचं हिरवंच राहतं. तुम्ही वरून मूठभर पिळून बघता, खुळखुळ वाजतं, खूश होऊन बेलर घालता, आणि आठवड्यानं गठ्ठ्याला हात लावला तर गरम. त्याला उपाय म्हणजे मधलं जादा चाक. आम्ही त्याला किकर म्हणतो. ते मधला पट्टा उचलून बाजूला पालटतं. जुन्या आठ चाकांच्या रेकला ते आहे का हे पहिलं विचारा. नसेल तर ते बसवायला जागा आहे का ते बघा, आणि त्याचे पैसे भावातून वजा करा.

तुमच्या एका हायड्रॉलिक जोडीचं म्हणाल तर बऱ्याच रेकमध्ये एकाच जोडीवर दोन्ही पंख, म्हणजे चाकं लावलेले बाजूचे दांडे, उघडतात-मिटतात. पण काहींमध्ये उघडायला एक आणि उचलायला दुसरी लागते. नळ्या किती लोंबतायत ते मोजा. मी तो फोन न करता एक रेक 140 मैलांवरून ओढत आणला होता, आणि तो तीन आठवडे गोठ्यात उभा राहिला.

ताकदीची काळजी नको. चाकं जमिनीच्या आणि खुंटांच्या घासण्यानंच फिरतात, पीटीओ लागत नाही. 55 एचपी म्हणजे मुंगीला मुसळ.

---

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, कॅन्सासमध्ये. डोंगराईताईंनी सांगितलेल्या गोष्टीत मला फक्त राख घालायची आहे.

चारा तपासायला पाठवला की अहवालात 'राख' असा एक रकाना असतो. गवतात स्वतःची खनिजं साधारण 6 टक्के असतात, लसूणघासात 8 च्या आसपास. अहवालात 11-12 आली तर वरची सगळी तुमच्या रानातली माती. गाय ती खाते, तिला त्यातून काही मिळत नाही, आणि तुम्ही ती डिझेल जाळून गठ्ठ्यात बांधलेली असते. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी निरनिराळ्या रेकांची तुलना केली होती, त्यात व्हील रेकच्या चाऱ्यात राख जास्त निघाली. कारण उघड आहे, याचे दाते जमिनीला टेकल्याशिवाय चाकच फिरत नाही. रोटरीचे दाते पीटीओवर फिरतात, त्यांना जमिनीपासून वर ठेवता येतं, वरंबाही फुगीर आणि हवेशीर पडतो.

मग रोटरी घ्या म्हणू का? दुभत्या गायी आणि लसूणघास असता तर म्हटलं असतं. घासाची पानं झडली की सगळं गेलं. तुमच्या 12 मांसाच्या गायी आणि बर्म्युडा आहे. त्यांना थोडी जास्त राख परवडते, तुम्हाला जुन्या रोटरीचा गिअरबॉक्स परवडणार नाही.

एकच विनंती. शेताच्या कडेला जॉन्सन ग्रास माजलेलं असणार, टेक्सासमध्ये ते नसलेलं रान मी पाहिलेलं नाही. ते आपल्या ज्वारीच्याच घराण्यातलं. कोवळी ज्वारी पाण्याच्या ताणात जनावरानं खाल्ली की काय होतं ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. नीट वाळवलं की ते विष बरंचसं उडून जातं, पण दुष्काळात साठलेलं नायट्रेट वाळवून जात नाही. ते गठ्ठ्यात तसंच राहतं. कोरड्या वर्षी त्या कडेचे गठ्ठे वेगळे ठेवा आणि तपासल्याशिवाय खाऊ घालू नका.

---

मास_नदीकाठी

विषयांतर करतो, माफ करा. मी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ राहतो. ज्या अवजारावर तुमची चर्चा चालू आहे त्याचं घर इथून सायकलच्या अंतरावर आहे. मासलँड गावात व्हान डर लेली बंधूंनी 1948 मध्ये कंपनी काढली, आणि त्यांचं पहिलं अवजार हेच, दात्यांच्या चाकांचा रेक. इंजिनाचा जोर न लावता, नुसतं ओढून फिरणारं, ही त्यातली खुबी. त्याच कंपनीनं 1992 मध्ये गायीचं दूध काढणारा यंत्रमानव बाजारात आणला. 2017 मध्ये गवताच्या अवजारांचा धंदा त्यांनी विकून टाकला. म्हणजे ज्यांनी हा रेक काढला ते आता रेक करत नाहीत. तुमचं चालू द्या.

---

बांधावरचा_बबन

राम राम. मी वाळव्याकडचा, ऊसवाला. आमच्याकडं कुरण नाही, पण पाचटाचे गठ्ठे बांधायचा बेलर भाड्यानं चालवतो, चार वर्षं झाली. ऊस तुटला की पाचट रानभर पडतं, आधी रेक मारायचा, मग बेलर. म्हणून लिहायचं धाडस केलं, अमेरिकेचं मला काय माहीत नाय.

जिंतूरकर साहेब, काळ्या रानाचं सांगतो. दाते भेगंत अडकत नाहीत, भेगंवरनं उड्या मारत जातात. हरेक चाकाला आपली आपली स्प्रिंग असती, एक चाक वर गेलं तर शेजारचं खालीच राहतं. खरी भीती ढेकळाची. स्प्रिंग घट्ट केली की दाते ढेकळं उचलतात आणि पाचटात घालतात. मी पहिल्या वर्षी सगळ्या स्प्रिंगा आवळल्या, म्हटलं एक काडी मागं ठेवायची नाय. काडी ठेवली नाय, पण रान अर्धं बेलरात गेलं. बेलरच्या साखळ्या, बेअरिंगा सगळं मातीनं खाल्लं. आता चाक एका हातानं उचललं तर सहज वर आलं पाहिजे, तेवढाच ताण ठेवतो. थोडं पाचट मागं राहतं, राहू दे. ते रानालाच खत होतंय.

आणि पहिल्या पन्नास पावलांनंतर ट्रॅक्टरवरनं खाली उतरायचं. मागं जाऊन जमिनीवर ओरखडे दिसतात का बघायचं. ओरखडा दिसला तर सैल करा. चाक मधनंच फिरायचं थांबत असंल तर थोडं आवळा. सीटवर बसून मागं वळून बघण्यात काय कळत नाय, धुरळाच दिसतो.

---

जिंतूरकर_मायलम

सगळ्यांचे आभार. बबनराव, 'रान अर्धं बेलरात गेलं' हे वाक्य मी कागदावर लिहून ट्रॅक्टरच्या डबीत ठेवलंय.

रोटरी बाद. 900 वाल्या पाच चाकांच्यावर अजून जीव आहे, कारण स्वस्त आहे आणि मी मराठवाड्याचा आहे. डोंगराईताई, त्याला काय हरकत आहे? आणि जुना बघायला जाताना काय काय बघू?

---

डोंगराईची_लेक

हरकत काही नाही, 38 एकराला कंटाळा आहे. तो एका बाजूलाच ओढतो, बेलरला पुरेल एवढा वरंबा करायला एकावर एक फेरे मारावे लागतात. पुन्हा पुन्हा ओढलं की गवताला दोरीसारखा पीळ बसतो, आणि पिळातलं गवत आतून वाळत नाही. दहा-बारा एकराला तोच घ्या म्हटलं असतं. शिवाय ऑगस्टमधली कापणी विरळ असते. तेव्हा रुंदावरचं गवत एकत्र आलं नाही तर बेलर उपाशी चालतो.

जुना बघताना रंग बघू नका. एकेक चाक हातानं फिरवा आणि कान लावा, बेअरिंग वाळू चावल्यासारखं वाजतं का. मग चाक धरून आडवं हलवा. दाते मोजा, तुटलेले चार-पाच चालतात, वाकलेले जास्त वाईट, कारण वाकलेला दाता माती उकरतो. पंख जिथं मुख्य दांड्याला जोडलेत तिथलं वेल्डिंग नखानं खरवडून बघा, तिथं ताजा रंग असेल तर तडा लपवलाय असं धरून चाला. पंख उघडून दहा मिनिटं तसेच ठेवा, आपोआप खाली येत असतील तर सिलिंडर गळतोय. आणि हो, पिना. एक पिन नसली तरी मालक 'दुकानात मिळते' म्हणतो. मिळते, मंगळवारी.

वरंब्याची रुंदी बेलरवरून ठरवा. तुमचा बेलर 4 फुटी. एकतर तेवढाच रुंद वरंबा करा, म्हणजे सरळ चालवता येतं. नाहीतर अरुंद करा आणि बेलर डावीकडे-उजवीकडे झुलवत न्या. मधलं काही केलंत की गठ्ठा पोटाला फुगतो.

---

जिंतूरकर_मायलम

जूनची कापणी झाली, म्हणून लिहायला बसलोय. उशीर झाला, हाताला फोड होते.

आठ चाकांचाच घेतला. बघायला गेलो तेव्हा डाव्या पंखातलं दुसरं चाक वाजत होतं आणि किकर नव्हता. मी काही न बोलता पाच मिनिटं त्या चाकाशेजारी उभा राहिलो. 3,800 चे 3,150 झाले. (वडील बैल बाजारात असेच उभे राहायचे. दात बघायचे, शेपटी ओढायचे, आणि मग शांत. समोरचा स्वतःच भाव उतरवायचा.) किकर वेगळा आणून बसवला, बेअरिंग बदललं. दोन्ही पंख एकाच हायड्रॉलिक जोडीवर चालतात, ते मी आधी फोनवर तीनदा विचारलं होतं.

सोमवारी कापलं. मंगळवारी 98 डिग्री फॅरनहाइट आणि वारा. बुधवारी सकाळी साडेनवाला, दव उतरल्यावर, रेक घातला. पहिल्या पन्नास पावलांनी उतरलो. ओरखडे होते. सैल केले. पुन्हा पन्नास पावलं, पुन्हा उतरलो. चार वेळा असं झाल्यावर शेजारचे म्हातारबा कुंपणापाशी पिकअप लावून बघत बसले होते, ते म्हणाले, "तुला काही हरवलंय का?"

भेगांबद्दल बबनराव बरोबर होते, दाते नुसते उड्या मारतात. वारुळांबद्दल मात्र कुणीच सांगितलं नाही. मोवर वारुळाचं डोकं उडवतो, आणि मग रेक ती भुसभुशीत माती मुंग्यांसकट अलगद वरंब्यात आणून ठेवतो. पहिल्या वरंब्यातली मूठ पिळून बघायला हात घातला आणि नाचलो. पुढच्या वर्षी वारुळांचं औषध मार्चमध्येच टाकणार. यंदा जिथं वारूळ दिसलं तिथं पंख थोडा उचलून पुढे गेलो, पण दोन्ही पंख एकाच जोडीवर असल्यामुळे दोन्ही उचलले जातात आणि चांगलं गवतही मागे राहतं. तेव्हा स्वस्ताची किंमत कळली.

किकरचा फरक डोळ्यांना दिसला. एक वरंबा मुद्दाम किकर उचलून ओढला आणि दुपारी दोन्हींच्या खाली हात घातला (काठीनं आधी मुंग्या बघून). किकर नसलेल्याखाली गवत थंड आणि ओलसर, दुसऱ्याखाली कोरडं. त्या एका वरंब्याला पुन्हा उलटवून तीन तास जास्त दिले.

गठ्ठे 57 झाले. पहिले सहा पखवाजासारखे, मधे फुगीर आणि कडा ढिल्या, कारण वरंबा साडेतीन फुटांचा झाला होता आणि मी बेलर सरळच चालवत होतो. डोंगराईताईंचं 'मधलं काही' ते हेच. सातव्यापासून पंखांचा कोन उघडून वरंबा रुंद केला, मग गठ्ठे गठ्ठ्यासारखे निघाले. ते सहा पखवाज गायींना आधी घालतोय, पुरावा राहायला नको.

सगळे गठ्ठे तीन आठवडे बाहेरच ठेवले, दर दोन दिवसांनी लोखंडी सळईच्या थर्मामीटरनं तपासले. सर्वांत गरम 118 डिग्री फॅरनहाइट गेला आणि उतरला. 150 ला पोचला असता तर झोप उडाली असती, म्हातारबांच्या चुलतभावाचा गोठा अशाच एका ओल्या गठ्ठ्यानं जळाला होता म्हणतात.

चाऱ्याचा अहवाल काल आला. राख 8.9. डॉक्टरसाहेब, हे कितपत वाईट?

---

गोठ्यातला_डॉक्टर

पहिल्या वर्षाला छान. त्यातला अर्धा टक्का मुंग्यांच्या नावावर टाका.

---

बांधावरचा_बबन

साहेब, हायड्रॉलिकची दुसरी जोडी ट्रॅक्टरला मागनं बसवता येती. आमच्याकडं गावातला फिटर बसवून देतो. तुमच्याकडं फिटर नसंल तर मंगळवारी विचारा.

---

जिंतूरकर_मायलम

विचारलं. 1,400 डॉलर म्हणतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.